चौथ्या प्रकरणातली दुरुस्ती

आयुष्यात एकच गोष्ट माझी मला सापडली. १९८४ च्या मे महिन्यात, मंचेरियलच्या एका ऑफिसात, रविवारच्या दुपारी. बाकी मला जे काही येतं ते दुसऱ्यांनी शोधलेलं, मी पाठ करून पोरांना शिकवलेलं. ही एकच गोष्ट माझी होती आणि ती मी माझ्या हातानं खोडली. खोडल्याबद्दल मला डॉक्टरेट मिळाली. लोक म्हणतात, बाई फार तिरसट आहेत. आहेच मी तिरसट. त्याचं कारण सांगायला आता कोणाची आडकाठी उरलेली नाही.

मी आदिलाबादच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. आमचं घराणं निजामाच्या काळात इकडं आलं आणि सरकारी नोकरीत मुरलं. बाबा महसूल खात्यात गिर्दावर होते, म्हणजे गावोगाव फिरून जमिनीच्या नोंदी तपासायचं त्यांचं काम. घरात मराठी, बाबांच्या ऑफिसात निम्मी उर्दू, बाजारात तेलुगू. विश्वाच्या उत्पत्तीबद्दल बोलायला मात्र तिन्ही भाषांत कोणी नव्हतं. त्याची मला तेव्हा थोडी घमेंडही होती. हैदराबादला एम.एस्सी. करून मी परतले ती बाबांशी सौदा करून: नोकरी इथं करीन, पण पीएच.डी.साठी नाव तिथं घालीन. बाबांना पीएच.डी. म्हणजे काय ते नीट ठाऊक नव्हतं. त्यात मोठ्या साहेबाची सही लागते एवढं कळल्यावर त्यांनी ते काम वजनदार आहे असं ठरवलं.

माझा विषय होता न्यूट्रिनो. हे जरा समजून घ्यायला हवं, त्याशिवाय मी काय घालवलं ते कळणार नाही. न्यूट्रिनो हा इतका अलिप्त कण आहे की तो कशालाच अडत नाही. तुम्ही ही ओळ वाचेपर्यंत तुमच्या अंगातून ते कोट्यवधींनी आरपार गेले, तुम्हाला पत्ता लागला नाही. त्याला वजन नसतं असंच आम्हाला शिकवलं होतं. मग ऐंशीच्या सुमारास परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं दावा केला की वजन आहे, अगदी थोडं, पण आहे. आणि एकदम सगळीकडे गडबड उडाली.

गडबडीचं कारण असं. आकाशातल्या दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या त्या वसाहती, इतक्या वेगानं फिरतात की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनात त्यांना धरून ठेवायची ताकद नाही. त्या केव्हाच विखरायला हव्या होत्या. म्हणजे तिथं न दिसणारं काहीतरी आहे आणि दिसणाऱ्यापेक्षा ते किती तरी जास्त आहे. ते काय, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. विश्वाच्या सुरुवातीचे उरलेले न्यूट्रिनो तर सगळीकडे भरून राहिले आहेत, चिमूटभर रिकाम्या जागेत शेकड्यांनी. एकेकाला नखाएवढंही वजन असेल तरी सगळे मिळून ताऱ्यांना भारी पडतात. न दिसणारा चोर सापडला, असं सगळ्यांना वाटलं. माझ्या गाइडना तर फारच वाटलं. त्यांनी लागोपाठ दोन निबंध छापले आणि तिसरं काम माझ्यावर सोपवलं.

सुरुवातीला विश्वात सगळा माल जवळपास सारखा पसरलेला होता, कुठं किंचित जास्त, कुठं किंचित कमी. जिथं जास्त तिथं ओढ जास्त, म्हणून आणखी जमायचं. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच येतं, हा नियम माणसांनी काढलेला नाही. पण न्यूट्रिनो फार वेगानं पळणारे. लहान गोळा जमू लागला की ते तिथून निसटतात आणि तो गोळा पुसला जातो. फक्त अवाढव्य गोळे टिकतात, हजारो दीर्घिका मावतील एवढे. ते एका बाजूनं चपटे होत जातात आणि तव्यावर धिरडं पसरावं तसा एक पापुद्रा तयार होतो. परदेशी शास्त्रज्ञ त्याला धिरडंच म्हणायचे, त्यांच्या भाषेत. मग ते धिरडं फाटतं आणि त्याच्या एकेका तुकड्याची दीर्घिका होते. आधी मोठं, मग लहान. हे सगळं वेळेत घडतं का, एवढंच मला तपासायचं होतं.

त्यासाठी कॉम्प्युटर हवा. हैदराबादला विद्यापीठात होता, पण रांगेत तिथलेच विद्यार्थी उभे असायचे आणि आदिलाबादहून येणाऱ्या अर्धवेळ बाईचा नंबर महिन्यातून एकदा, तोही वीज असली तर. मग बाबांच्या ओळखीनं मंचेरियलला एका मोठ्या ऑफिसात सोय झाली. खाणीतल्या माणसांच्या हजेऱ्या त्या यंत्रावर व्हायच्या. रविवारी ते रिकामं असायचं. मी शनिवारी कॉलेज सुटल्यावर उटनूर-जन्नारमच्या सागाच्या जंगलातून जाणारी बस धरायची, रात्री मावशीकडे उतरायची आणि सकाळी ऑफिस उघडायच्या आधी फाटकाशी जाऊन उभी राहायची. तिथला ऑपरेटर माझ्याच वयाचा, तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलणारा. पहिले दोन महिने त्याचा समज होता की मी हवामान खात्याची आहे. पुढं त्याला खरं सांगितलं तर तो जास्तच अदबीनं वागू लागला. मग मी सांगितलं की खुर्ची पुसून देऊ नका, कागद नीट लावून द्या.

काही हजार ठिपके घ्यायचे, ते न्यूट्रिनो समजायचे, सुरुवातीला जवळपास सारखे पसरायचे आणि यंत्राला सांगायचं, आता यांना एकमेकांना ओढू दे. तासन् तास ते चालायचं. मग रुंद कागदावर खडखडत नकाशा छापून यायचा. कागदावर हजेऱ्यांच्या रकान्यांच्या हिरव्या रेघा आणि त्यांवर माझं विश्व. पापुद्रे दिसायचे, दोरे दिसायचे, मध्ये मोठमोठी रिकामी भोकं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ऑपरेटरनं घाईघाईनं पंखा माझ्याकडे वळवला. त्याला वाटलं उकाड्यानं.

पण हिशेब जुळेना. क्वासार नावाचे फार जुने दिवे आकाशात दिसतात. त्यांचा प्रकाश सांगतो की दीर्घिका विश्वाच्या लहानपणीच तयार झाल्या होत्या. माझ्या यंत्रात दीर्घिका तेवढ्या लवकर तयार करायला लावल्या, तर आजच्या काळापर्यंत सगळा माल असा काही एका ठिकाणी लोटला जायचा की आपलं आकाश त्याच्या जवळपासही नाही. आणि आजचं आकाश जुळवायला गेलं, तर दीर्घिका अजून तयारच झालेल्या नसायच्या. त्या होणार उद्या-परवा. म्हणजे आपण आहोत हीच चूक ठरायची. पाच रविवार मी आकडे बदलून पाहिलं. पाचव्या रविवारी ऑपरेटरनं दोन्ही नकाशे जमिनीवर शेजारी शेजारी पसरले, बराच वेळ उकिडवा बसून पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, ये दोनों एकीच आसमान के नइं दिख रहे."

तो बरोबर होता. दोन्ही एका आकाशाचे नव्हते. न्यूट्रिनोंनी हे विश्व बांधलेलं नव्हतं. बांधणारं दुसरंच काहीतरी होतं, जड, संथ, लहान गोळ्यांना न पुसणारं, आणि ते काय ते मला माहीत नव्हतं. पण हे नाही, एवढं मला माहीत झालं होतं. मला किती आनंद झाला होता ते आज लिहितानाही मला माझीच लाज वाटते. चाळीस लाख मैलांवरच्या गोष्टीबद्दल नव्हे, त्याच्याही कित्येक पट पलीकडच्या गोष्टीबद्दल मला, आदिलाबादच्या गिर्दावराच्या पोरीला, काहीतरी कळलं होतं आणि ते कोणी सांगितलेलं नव्हतं. ऑपरेटरनं स्टेशनवरून मिरची भजी आणली. आम्ही ती हजेरीच्या टाकाऊ कागदांवर खाल्ली.

पुढच्या आठवड्यात मी कागदांचं भेंडोळं घेऊन हैदराबादला गेले. माझे गाइड वाईट मनुष्य नव्हते, हे आधी लिहून ठेवते. पोरींना संशोधनात घेणारे त्या काळात थोडे होते, त्यांतले ते एक. त्यांनी दोन्ही नकाशे पाहिले, जेमतेम दोन मिनिटं, आणि म्हणाले की प्रोग्रॅममध्ये चूक आहे. मी म्हटलं, तपासला आहे. ते प्रेमानंच म्हणाले की तुम्ही लांब राहता, चर्चेला कोणी नाही, हजेरीच्या यंत्रावर काम करता, अशा चुका व्हायच्याच. जा, शांतपणे शोधा. भेंडोळं त्यांनी परत माझ्या हातात दिलं. ते हातात देताना त्यांनी ते नीट गुंडाळूनसुद्धा दिलं.

मी दोन वर्षं चूक शोधली. नसलेली वस्तू शोधायचा अनुभव कोणाला घ्यायचा असेल तर मला विचारा. प्रोग्रॅमची एकेक ओळ वहीत उतरवून काढली. दहा-बारा ठिपके घेऊन कॅल्क्युलेटरवर हातानं गणित केलं आणि यंत्राच्या उत्तराशी ताडून पाहिलं. जुळलं. पुन्हा केलं, पुन्हा जुळलं. बरोबर आलं की रडू यायचं, अशी माझी अवस्था. हळूहळू माझ्या मनानं घेतलं की चूक प्रोग्रॅममध्ये नसेल तर माझ्यात असेल. मोठ्या विद्यापीठातला, दोन निबंध छापलेला माणूस बरोबर की मंचेरियलच्या रविवारी बसणारी बाई बरोबर, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर मला आधीच ठाऊक होतं. त्यात गाइडचं पत्र आलं की नोंदणीची मुदत सहा महिन्यांत संपते आहे. चौथं प्रकरण, म्हणजे या नकाशांचं, जुळवून पाठवा, नाहीतर नवीन विषयावर पुन्हा पहिल्यापासून.

आता बाबांच्या कामाबद्दल थोडं सांगते. जमीन मोजायची लोखंडी साखळी असायची, तिला ते जरीब म्हणायचे. आणि निजामाच्या काळात एकदा सगळ्या जमिनींची मोजणी होऊन जे मोठं रजिस्टर झालं होतं ते सेतवार. मी नऊ-दहा वर्षांची असताना सुट्टीत बाबांबरोबर नेरडीगोंड्याकडच्या एका गावी गेले होते. एका शेताची कड ओढ्यानं खाल्ली होती. सेतवारात शेत तीन एकर आणि जरिबेनं ते पुरं अडीचसुद्धा भरेना. बाबांनी दुसऱ्यांदा मोजायला लावलं, तेवढंच आलं. तिसऱ्यांदा त्यांनी साखळी धरणाऱ्याला सांगितलं की ढिली धर, वळण घेऊन ये, आणि शेत बरोबर तीन एकर भरलं. शेतमालकानंही मान डोलावली. कमी लिहिलं असतं तर मिसल, म्हणजे ती फाइल, हैदराबादला गेली असती आणि त्याच्या नातवापर्यंत परत आली नसती. परत येताना मी बाबांना विचारलं की ओढ्यातलं शेत कुठं आहे? त्यांनी मला बोरं घेऊन दिली. त्या भागातल्या प्रत्येक कारकुनाला ही रीत ठाऊक होती आणि कोणाला त्यात लबाडी वाटत नसे. बाबांनी उभ्या आयुष्यात कोणाचा चहाही फुकट घेतला नाही.

गाइडचं पत्र आलं त्या संध्याकाळी निवृत्त झालेले बाबा ओसरीवर सुपारी कातरत होते. मी पत्र त्यांना समजावून सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं.

"अन् चूक सापडली का तुले?" त्यांनी विचारलं.

"चूक नाईच हाय, बाबा. दोन वर्सं पाहून राह्यली मी. माप खरं हाय."

"सायब का म्हंते मंग?"

"त्याइचे दोन निबंध छापून झाले हायेत. त्यात उलटं लिवलं हाय."

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांना माझ्याबद्दल वाईट वाटत होतं ते मला दिसत होतं, आणि म्हणूनच पुढचं मी कधी विसरू शकले नाही.

"हे पाह्य पोरी, सायबाची सही झालेला कागद जरिबेनं खोटा पडत नसते. तुह्यं खरं तुह्यापाशी ठेव. कागदावर सायबाचं लिव."

मला त्यांचा राग आला नाही. उलट हलकं वाटलं. हेच मला ऐकायचं होतं म्हणून मी त्यांना विचारलं होतं, एरवी न्यूट्रिनोबद्दल गिर्दावराला कोण विचारतं?

लहान गोळे किती अंतरापर्यंत पुसले जातात ते अंतर माझ्या प्रोग्रॅममध्ये एका ओळीत होतं. न्यूट्रिनोचं वजन ठरलं की ते अंतर ठरतं; ते माझ्या किंवा गाइडच्या मर्जीवर नसतं. मी ते निम्म्याहून कमी केलं. एका ओळीतला एक आकडा. साखळी ढिली धरली. लहान गोळे पुसले गेले नाहीत, दीर्घिका वेळेत झाल्या, आकाश आपल्यासारखं दिसू लागलं. प्रबंधात तळटीप दिली: गणनेच्या मर्यादा लक्षात घेऊन सुयोग्य दुरुस्ती केली आहे. सुयोग्य! त्या रविवारी ऑपरेटरनं नवा नकाशा यंत्रातून फाडून काढला आणि पाहतच राहिला. काही बदललं का, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, चूक सापडली. तो म्हणाला, बरं झालं. त्यानंतर मी मंचेरियलला गेले नाही. त्या माणसाचे आभार मी प्रबंधात मानले आहेत, आणि प्रबंधातली तेवढी एक ओळ धडधडीत खरी आहे.

सत्त्याऐंशीत पदवी मिळाली. परीक्षकांनी चौथ्या प्रकरणाची मुद्दाम स्तुती केली. बाबांनी तहसील ऑफिसात जुन्या मंडळींना पेढे वाटले. प्रमाणपत्र आणायला हैदराबादला गेले तेव्हा हातात वेळ होता म्हणून विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसले आणि बांधणी होऊन आलेले परदेशी अंक सहज चाळू लागले. एका अंकात दोन नकाशे शेजारी शेजारी छापलेले होते. माझेच. म्हणजे माझे नव्हेत, काही परदेशी शास्त्रज्ञांनी मोठ्या यंत्रावर काढलेले, पण माझ्या मंचेरियलच्या कागदांचे सख्खे भाऊ शोभतील असे. खाली निष्कर्ष होता की न्यूट्रिनोंनी हे विश्व बांधलेलं असू शकत नाही. अंकाची तारीख माझ्या त्या मे महिन्याच्याही आधीची होती. मी ज्या दिवशी नाचले त्या दिवशी जगाला ते माहीत होतं. ज्या दोन वर्षांत मी चूक शोधत होते त्या दोन वर्षांत तो अंक त्या कपाटात होता, गाइडच्या खोलीपासून एक जिना खाली.

त्यांनी तो वाचला होता का? मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पुढं त्यांनी स्वतःच पळणाऱ्या कणांचा नाद सोडला आणि संथ, जड कणांवर, लहानातून मोठं कसं होतं त्यावर काम सुरू केलं, जणू पहिल्यापासून तेच म्हणत होते. त्यांना शोभलं ते. मोठा माणूस मत बदलतो तेव्हा त्याला प्रगती म्हणतात. मी मात्र माझं खरं असलेलं मत खोट्यासाठी बदललं आणि मला पगारवाढ मिळाली. त्यांच्यावर मी चिडते ते फुकटचं आहे. त्यांनी मला फक्त शोधा म्हणून सांगितलं होतं. आकडा मी बदलला.

पुढची दहा वर्षं मी कॉलेजात दहशत म्हणून वावरले. प्रॅक्टिकलच्या वहीत खोडरबरानं पुसलेलं वाचन दिसलं की माझा तोल जायचा. पुस्तकातल्या उत्तराशी जुळवायला कोणी आकडा फिरवला तर मी वही खिडकीबाहेर भिरकावायची. एकदा एक पोरगी आठवडाभर कॉलेजात आली नाही. सहकारी म्हणायचे, बाई फार तत्त्वाच्या आहेत. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? पण ते कोणाला सांगणार?

मग अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात पेपरात बातमी आली की न्यूट्रिनोला खरंच वजन आहे, हे आता पक्कं झालं. आत बारीक अक्षरात होतं की ते वजन फारच थोडं दिसतं. त्यानं न दिसणाऱ्या मालाचा हिशेब भरत नाही. म्हणजे माझ्या प्रबंधाच्या मढ्यावर शेवटची माती पडली होती. पण मथळा तेवढाच वाचायची आपल्याकडे रीत आहे. बाईंचे न्यूट्रिनो खरे निघाले, असं गावभर झालं. मराठी मंडळानं सत्कार ठरवला. शाल, नारळ आणि निर्मलचं लाकडावरचं सोनेरी चित्र. तेलुगूत दोन आणि मराठीत तीन भाषणं झाली. एका वक्त्यानं सांगितलं की जगाला आज जे कळलं ते आपल्या आदिलाबादला दहा वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. हे ऐकून मला हसावं की त्या चित्रानं स्वतःचं कपाळ फोडून घ्यावं ते कळेना, कारण वाक्य खरं होतं, फक्त उलट्या बाजूनं.

मी बोलायला उभी राहिले. सगळं सांगायचं असं मी दोन दिवस घोकलं होतं. पहिल्या रांगेत बाबा बसले होते, जुना कोट घालून, त्या उकाड्यात. मी म्हणाले की आपण सर्वांनी माझं कौतुक केलंत, मी आभारी आहे. आणि खाली बसले. घरी येताना रिक्षात बाबा चित्र मांडीवर धरून म्हणाले, "म्या म्हनलं होतं ना तुले. कागद खराच निंगते." मी हो म्हणाले. त्यांच्या तोंडावर ते सांगायची माझी छाती नव्हती, आणि ती नव्हती याबद्दलही मी स्वतःला माफ केलेलं नाही.

त्यानंतर दहा महिन्यांनी बाबा गेले. तेरावं झाल्यावर मला वाटलं, आता कोणासाठी लपवायचं? मी एक शुद्धिपत्र लिहायला घेतलं, प्रबंधाच्या ग्रंथालयातल्या प्रतीत चौथ्या प्रकरणाच्या तोंडाशी चिकटवायला. पहिल्या मसुद्यात सगळं होतं: मे महिन्यात काय सापडलं, मी कोणता आकडा कोणत्या ओळीत बदलला आणि का. दोन पानं झाली. मग ती जास्त वाटली. मी कातरत गेले, सभ्य करत गेले. शेवटी टाइप करून घेतलं ते एवढंच: नंतर झालेल्या संशोधनानुसार या प्रकरणातील निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत. खाली माझी सही. आपण फार मोठं धैर्य करतो आहोत अशा थाटात मी ते पाकिटात घातलं आणि हैदराबादची बस धरली.

ग्रंथपाल मूळचे नांदेडकडचे निघाले. मराठी ऐकून त्यांना आनंद झाला. त्यांनी स्वतः आतून प्रबंध काढून आणला, धूळ झटकली. पुठ्ठ्याच्या आत वाचकांच्या सह्यांचा कागद असतो तो कोरा होता. बारा वर्षांत कोणी तो मागितला नव्हता. मी खोटं लिहून कोणाची दिशाभूल केलेली नव्हती, कारण दिशाच विचारायला कोणी आलेलं नव्हतं. आणि खरं लिहिलं असतं तरी हा कागद असाच कोरा राहिला असता. कोणाचं काहीही बिघडलं नसतं. ज्याला भिऊन मी ते केलं ते एवढंसं होतं: सहा महिने, एक पत्र, एका माणसाची नाराजी.

ग्रंथपालांनी खळीची बाटली दिली. मी कागद चिकटवला, हातानं दाबून धरला. त्यांनी तो वाचला, तारखेचा शिक्का मारला आणि माझ्याकडे आदरानं पाहिलं. इतक्या वर्षांनी इतक्या लांबून स्वतःची चूक सुधारायला येणारं कोणी त्यांनी पाहिलं नव्हतं, असं म्हणाले. मग माझी समजूत घातल्यासारखं म्हणाले, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. त्या वेळी हे कुणाला माहीत असणार?"

ते उत्तराची वाट पाहत होते. खोलीत आम्ही दोघंच होतो. माझ्यावर रागवायला आता कोणी उरलं नव्हतं.

"कुणालाच नव्हतं," मी म्हणाले.